सिंह राखायचा तर आधी गाय राखावी लागते : अंबोसेलीचे मासाई रेंजर

नैरोबीकर

मंडळी, नैरोबीत राहून सातवं वर्ष चाललंय. पाहुणे आले की अंबोसेली, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. गाडीच्या उघड्या छतातून डोकी बाहेर, समोर हत्ती, मागे ढगातून डोकावणारा किलीमांजारो, फोटो, लॉजवर चहा, परत. चार वेळा गेलो आणि चारही वेळा त्या उद्यानाच्या कुंपणापलीकडे कोण राहतं याचा विचारसुद्धा केला नाही. कुंपण म्हणालो खरं, पण तिथे कुंपणच नाहीये. तेच या धाग्याचं कारण.

यंदा ओळखीतून एका गावच्या रेंजर तुकडीबरोबर दोन दिवस पायी फिरायला मिळालं. मोम्बासा रस्त्यावर एमालीला उजवीकडे वळायचं, लोइतोकितोकच्या रस्त्याने खाली उतरत जायचं, आणि किमानाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी डांबर सोडायचं. पुढे नुसती पांढरी धूळ. बूट, मोजे, दात, सगळीकडे धूळ.

माझ्या सोबतीला दिलेला रेंजर तिशीतला असेल. हिरवा गणवेश, पण पहाटेच्या थंडीमुळे वरून लाल चौकड्यांची शुका गुंडाळलेली. हातात काठी, खिशात जीपीएस, कमरेला वॉकीटॉकी. बंदूक नाही. मी आपला उत्साहात, आता सिंहाचा माग काढणार म्हणून. हा गडी खाली वाकून बघतोय तर खुरांचे ठसे. आदल्या संध्याकाळी कळपातली एक गाय परतली नव्हती. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही ती गाय शोधत होतो. सापडली एका बाभळीखाली, निवांत रवंथ करत.

मी जरा खट्टू होऊन विचारलं, सिंह कधी बघायचा? तो हसून म्हणाला, "गाय रात्रभर बाहेर राहिली असती ना, तर उद्या सिंह तुलाच काय, भाले घेतलेल्या सगळ्या गावाला दिसला असता."

तिथे माझी ट्यूब पेटली.

अंबोसेली राष्ट्रीय उद्यान आहे जेमतेम 392 चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीच्या उद्यानाच्या पावणेचारपट म्हणा. तिथल्या दलदलीत बाराही महिने पाणी असतं, ते किलीमांजारोच्या पोटातून झिरपत आलेलं. पण परिसरातले दोनेक हजार हत्ती, झेब्रे, वाइल्डबीस्ट, सिंह एवढ्याशा जागेत मावणार कसे? पाऊस पडला की सगळे बाहेर पांगतात, आणि बाहेरची जमीन मासाईंची, म्हणजे गुरं राखणाऱ्या इथल्या जमातीची. पूर्वी ती 'ग्रुप रँच' नावाच्या सामाईक मालकीत होती. उद्यानाला चहूबाजूंनी जवळजवळ वेढून बसलेला ओल्गुलुलुई हा त्यातलाच एक. म्हणजे सिंहाने वर्षातले किती दिवस जगायचं, ते सरकारी फलकावर नाही, गुराख्याच्या मर्जीवर ठरतं.

म्हणून इथे गावातलीच पोरं रेंजर म्हणून घेतात. सरकारची केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस आहेच, बंदुका त्यांच्याकडे. पण उद्यानाबाहेर डोळे आणि कान गावच्या रेंजरांचे. 'बिग लाइफ' ही संस्था 2010 मध्ये सुरू झाली, हस्तिदंतासाठी इथले मोठे हत्ती मारले जात होते तेव्हा. आज तिच्याकडे शेकडो स्थानिक रेंजर आहेत, आणि सीमेपलीकडे टांझानियातल्या तुकड्यांशीही ताळमेळ असतो. त्याआधी 2007 मध्ये 'लायन गार्डियन्स' आली. ओल्गुलुलुईची स्वतःची तुकडी वेगळी.

बाकी प्रतिसादांत लिहितो. मोबाईलवर टंकून अंगठा गेला.

चहाबाज

जबरी! वाचनखूण साठवली. गायीचा किस्सा लई आवडला.

पण एक शंका. मासाई म्हणजे सिंह मारणारे ना? सिंह मारल्याशिवाय तिथे पोराचं लग्न जमत नाही असं लहानपणापासून ऐकत आलोय. तीच माणसं राखणदार कशी झाली?

नैरोबीकर

@चहाबाज, लग्नाचं सफारी गाइडांनी रंगवलेलं आहे. प्रत्येक तरुणाने सिंह मारायलाच हवा असा नियम नव्हता. पण मारणाऱ्याला मान होता, आणि तो मोठा होता. मोरान म्हणजे तरुण लढवय्यांचा वयोगट. ही पोरं गटाने सिंहाच्या मागे जायची, त्याला ओलामायो म्हणतात. पहिला भाला कुणाचा लागला यावर नाव ठरायचं. नाव शब्दशः, म्हणजे त्या पोराला नवीन सिंहनाव मिळायचं आणि पुढे आयुष्यभर लोक त्याला त्याच नावाने हाक मारायचे.

लायन गार्डियन्सवाल्यांनी इथेच मेख मारली. लीला हज्जाह या संशोधक बाई सिंह का मारले जातात हे विचारायला गावात राहिल्या. त्यातून पुढे कल्पना निघाली की ज्यांच्यात सिंहाच्या मागे जायची रग आहे त्यांनाच सिंहाच्या मागे पाठवा, फक्त भाला फेकायचा नाही. माग काढणं त्यांना येतच होतं. बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते या कामात शिकले, कारण नोंदी ठेवाव्या लागतात. आणि नाव देण्याची रीत उलटी केली: आता हे लोक सिंहाला मासाई नाव देतात. ज्याचं नाव, आई, भावंडं ठाऊक आहेत त्याच्यावर भाला उचलताना हात जरा तरी अडखळतो.

त्यांचं रोजचं काम मात्र ऐकायला अगदी साधं आहे. सिंह कुठे आहे ते गुराख्यांना सकाळीच कळवायचं, म्हणजे ते त्या बाजूला गुरं नेत नाहीत. हरवलेलं जनावर शोधायचं. गुरांमागे गेलेलं पोर अंधार पडूनही आलं नाही तर त्यालाही शोधायचं. बोमा, म्हणजे काटेरी कुंपणाचा गोठा, ढिला झाला असेल तर बाभळीच्या फांद्या रचून बुजवायचा. आणि चिडलेली पोरं भाले घेऊन निघाली की मध्ये उभं राहून बोलत राहायचं, त्यांचा राग उतरेपर्यंत.

मानाचा प्रश्न उरलाच होता. त्यावर 2012 पासून 'मासाई ऑलिंपिक्स' भरवतात. धावणं, भालाफेक, रुंगू म्हणजे लाकडी सोटा नेम धरून फेकणं, आणि त्यांची ती जागच्या जागी उंच उडी. डेव्हिड रुडिशा या खेळांचा पाठीराखा आहे. तोच, लंडन 2012 ला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा. तो स्वतः मासाई.

ऊसवाला

राम राम. आमच्याकडं बिबट्या उसातच राहतो म्हणून हा धागा उघडला.

गेल्या साली माझ्या दोन शेळ्या नेल्या. पंचनाम्याला माणूस आला तिसऱ्या दिवशी, तोवर कुत्र्यांनी हाडं पण ठेवली नव्हती. मग म्हणे बिबट्यानेच मारली कशावरून. कागद फिरतोय अजून. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, गावात राहायचंय मला. तिकडं भरपाई कशी देतात ते सांगा. शेळी मेल्यावर पैसं हातात पडायला किती दिवस?

नैरोबीकर

@ऊसवाला, राम राम. तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

सरकारी भरपाई इथेही आहे. 2013 च्या कायद्यात माणूस दगावला तर 50 लाख शिलिंग लिहिलेत. पण कागद फिरत राहण्याची कथा तुमच्यासारखीच.

म्हणून म्बिरिकानी रँचवर 2003 मध्ये वेगळा निधी सुरू झाला, आज तो बिग लाइफ चालवते. जनावर मेलं की गावातलाच नेमलेला तपासनीस येतो आणि मढं, ठसे, दातांच्या खुणा बघतो. ठशांवरून सिंह, बिबट्या की तरस हे तो सांगतो आणि त्याच्याशी सहसा कुणी हुज्जत घालत नाही, कारण त्याचं आयुष्य गुरांतच गेलेलं असतं. पूर्ण किंमत कधीच मिळत नाही. बोमा नीट नसेल किंवा जनावर रानात बेवारस राहिलं असेल तर आणखी कमी. म्हणजे निष्काळजीपणाचे पैसे नाहीत.

आणि यातली खरी गोम: त्या भागात कुणी सिंह मारला, तर तिथल्या कुणालाच भरपाई मिळत नाही. मारणाऱ्याला दंड होतो तो निराळाच.

खवचट

म्हणजे मारलं एकाने आणि उपाशी सगळे? आमच्या सोसायटीत एकाने पार्किंगचा नियम मोडला म्हणून सगळ्यांचं पाणी बंद करतात, त्यातला प्रकार दिसतोय. याला न्याय म्हणतात होय?

नैरोबीकर

@खवचट, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तिथल्या एका म्हाताऱ्यांना विचारलं तर त्यांना त्यात काही वावगं दिसेना. गुरं सामाईक रानात चरतात, पाणी सामाईक, दुष्काळात एकाची गुरं दुसऱ्याच्या कळपात ठेवायची पद्धत, मग पोरांच्या चुकीची जबाबदारी तेवढी एकट्याची कशी? आता भाला घेऊन निघालेल्या पोराला रेंजरच्या आधी त्याची चुलती अडवते, कारण तिच्या मेलेल्या वासराचे पैसे अडकणार असतात. न्याय आहे की नाही ते तुम्ही ठरवा. चालतं मात्र, असं मी पाहिलं.

अनुस्वार

धागा वाचनीय आहे, पण फार गुलाबी आहे. थोडं लिंबू पिळतो.

ही जमीन आणि ती दलदल मासाईंचीच होती. 1974 मध्ये उद्यान जाहीर झालं आणि गुरांना पाण्यावर यायची बंदी झाली. बदल्यात बाहेर नळाने पाणी देऊ असं वचन दिलं, ते नळ नीट चालले नाहीत. तेव्हा मोरानांनी हत्ती आणि गेंडे भाल्यांनी मारले, ते ना दातांसाठी ना शिंगांसाठी, निषेध म्हणून. अंबोसेलीत आज गेंडा नाही, त्याचं एक कारण चोरटी शिकार आणि दुसरं हे.

सीमेपलीकडे तर बघायलाच नको. सेरेंगेटीतून 1959 मध्ये मासाईंना हलवलं. लोलिओंडोत जून 2022 मध्ये 1,500 चौरस किलोमीटरवर सरकारने हद्दीचे खुंट रोवायला घेतले, तेव्हा पोलिसांशी चकमक होऊन माणसं जखमी झाली आणि एक पोलीस मारला गेला. हेही 'वन्यजीव वाचवण्यासाठी'च.

तुम्ही लिहिलेल्या संस्थांचे संस्थापक बघा. गोरे छायाचित्रकार, गोरे सफारीवाले, परदेशी विद्यापीठांतले संशोधक. पैसा देणगीदारांचा. आधी जमीन घ्यायची, मग तिथल्याच पोराला गणवेश घालून भावकीवर पाळत ठेवायला लावायची, याला 'सामुदायिक' म्हणणं मला जड जातं.

नैरोबीकर

@अनुस्वार, लिंबू पिळलंत ते बरं केलंत. उद्यानाचा इतिहास तुम्ही लिहिलात तसाच आहे, मी तो मूळ धाग्यात घालायला हवा होता.

दोन गोष्टींवर मात्र मतभेद. लोलिओंडोत लोकांना जमिनीवरून हटवत होते. मी जिथे फिरलो तिथे जमीन अजून त्यांच्या नावावर आहे, आणि रेंजर तिथे राहतो. हा फरक बारीक नाही. दुसरं, भावकीवर पाळत. मी विचारलं होतं हे, जरा चाचरतच. माझ्या सोबतचा रेंजर म्हणाला, माझा चुलतभाऊ एकदा चोरट्या शिकारीच्या मांसाच्या भानगडीत सापडला, मीच कळवलं, सहा महिने घरी माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. हे सांगताना हसत नव्हता. त्या नोकरीची ही किंमत आहे, आणि पगाराच्या चिठ्ठीवर ती दिसत नाही.

जाता जाता, मासाई रीतीने शिकारीचं मांस खात नाहीत, ते गरिबीचं लक्षण मानतात. पण कडक दुष्काळात गुरं मेली की रानातल्या जनावरांवर निभावायचं, म्हणून जुनी माणसं त्यांना 'दुसरी गुरं' म्हणत. मला हा शब्दप्रयोग फार आवडला. वन्यजीव वगैरे नाही, राखीव कळप!

पैशाबद्दल तुमचं म्हणणं निरुत्तर करणारं आहे. 2020 मध्ये पर्यटन एका महिन्यात आटलं तेव्हा सगळ्यांचेच धाबे दणाणले होते.

गोदाकाठची

नैरोबीकर, किती सुरेख लिहिता हो. पण इतका वेळ सगळी पोरंच. मुली नाहीत का या कामात? गावात कुठे काय शिजतंय हे पाण्यावर भेटणाऱ्या बायकांइतकं कुणाला ठाऊक असतं?

नैरोबीकर

@गोदाकाठची ताई, अगदी हेच उत्तर मला तिथे मिळालं!

ओल्गुलुलुईच्या तुकडीत 2019 मध्ये आठ मुली घेतल्या, आयफॉ या संस्थेच्या मदतीने. 'टीम लायनेस' म्हणतात त्यांना. बहुतेकींच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच बाई. रोज वीसेक किलोमीटर चाल, ठसे, फासे, बोम्यांची चौकशी. पुरुष रेंजर गावात शिरला की बायका चहा देतात आणि गप्प बसतात. मुलगी शिरली की सरपण गोळा करताना काय दिसलं, कोण अनोळखी माणूस आला होता, सगळं निघतं.

त्यांना वर्ष होतंय न होतंय तोच टाळेबंदी आली. रजा रद्द, आणि या मुली चार महिने घरी न जाता तळावर राहिल्या. त्यातल्या काही जणी लेकुरवाळ्या. आता तुकडीत मुलींची संख्या वाढली आहे.

कानोसा

मागे हत्तींच्या वागण्यावर थोडं वाचन केलं होतं, ते या धाग्यात बसेल.

अंबोसेलीत सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये हत्तींचा अभ्यास सुरू केला आणि तो आजही चालू आहे, एकेक हत्ती नावानिशी ठाऊक असलेला. त्याच हत्तींवर 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मासाई माणसाने वापरलेलं कापड आणि कांबा माणसाने वापरलेलं कापड हत्तींना हुंगायला दिलं. कांबा शेती करणारे, हत्तीला भाला मारण्याची परंपरा मासाई मोरानांची. मासाई वासाला हत्ती जास्त लांब पळाले. वास नसलेलं नुसतं लाल कापड दिसलं तर चिडले.

पुढे 2014 मध्ये आवाजावर प्रयोग झाला. "ते बघा, हत्तींचा कळप येतोय" हे एकच वाक्य दोन्ही भाषांत ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. मासाई पुरुषाच्या आवाजाला कळप एकवटून मागे सरायचा. मासाई बाई किंवा पोर बोललं तर तितकं नाही. भाषा, वय, बाई की पुरुष, सगळं हत्तीला कळतं!

चहाबाज

अरे बापरे. म्हणजे टीम लायनेसला हत्तीच्या बाजूनेही सूट आहे.

नैरोबीकर

@कानोसा, हे कळल्यावर एक गोष्ट उलगडली. आम्ही हत्तींच्या वाऱ्याखालून जात होतो आणि रेंजरने शुका काढून पिशवीत कोंबली. मला वाटलं ऊन झालं म्हणून.

@अनुस्वार, तुमच्या 'गुलाबी'ला आणखी एक उत्तर देणं लागतो. मे 2023 मध्ये लूनकिटो नावाचा सिंह मारला गेला. वय 19, जंगली सिंहासाठी म्हातारपणाचीही हद्द. शिकार जमेना म्हणून रात्री गोठ्यात शिरला आणि भाल्यांनी संपला. त्याच आठवड्यात आणखी सिंह मेले, त्यातले सहा एकाच दिवशी, बकऱ्या मारल्या म्हणून. रेंजर होते, भरपाई होती, तरीही. आधीची दोन वर्षं दुष्काळाची. ज्याच्या दावणीला शंभरातली वीस गुरं उरली, त्याला एकविसाव्या गायीच्या भरपाईचं गणित समजावता येत नाही. 2021 च्या गणनेत सगळ्या केनियात सिंह भरले 2,589. एका दिवसात सहा म्हणजे काय, ते बघा.

ऊसवाला

खरं आहे. आमच्याकडं बी दुष्काळात माणूस लवकर पेटतो.

भरपाईपेक्षा गोठा पक्का करून द्या म्हणावं. शेळी मेलीच नाही तर पंचनामा कशाला?

कानोसा

@ऊसवाला, त्यावर एक झकास उदाहरण. नैरोबी उद्यानाच्या दक्षिण अंगाला कितेंगेलाजवळ रिचर्ड तुरेरे नावाचा मासाई मुलगा वडिलांची गुरं राखायचा. सिंह यायचे. त्याच्या लक्षात आलं की स्थिर दिव्याला सिंह सरावतो, हलत्या उजेडाला बिचकतो. मग जुनी बॅटरी, सौर तावदान आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा जोडून त्याने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावले. सिंहाला वाटतं कुणीतरी कंदील घेऊन फिरतंय. 2013 मध्ये टेड या व्याख्यानांच्या मंचावर त्याने हे जगाला सांगितलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

ऊसवाला

इंडिकेटर माझ्याकडं पडलाय एक. बघतो लावून.

खवचट

बिबट्या समजेल गाडी डावीकडे वळतेय.

नैरोबीकर

हा हा! @ऊसवाला, लावलात तर इथे कळवा.

एक शेवटचा मुद्दा, मग मी थांबतो. तिथल्या लोकांना मी भीती कशाची वाटते असं विचारलं, तेव्हा शिकाऱ्यांचं नाव कुणी घेतलं नाही. सगळे बोलले जमिनीच्या तुकड्यांबद्दल. ग्रुप रँच आता मोडून सभासदांच्या नावे प्लॉट पडतायत. ज्याच्या हातात सातबारा आला (तिकडचा हो), त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी दलाल येतो. कुणी विकतो, कुणी तारेचं कुंपण घालतो. किमानाच्या बाजूला हत्तींच्या वाटेवर ॲव्होकॅडोचा मळा उभा राहिला आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. फासा लावणाऱ्याला रेंजर पकडू शकतो, पण स्वतःच्या जमिनीला कुंपण घालणाऱ्याला काय म्हणणार? त्याने काही गुन्हा केलेला नाही. आता काही ठिकाणी प्लॉटवाल्यांनी एकत्र येऊन जमीन मोकळी ठेवायची आणि त्याचं वार्षिक भाडं घ्यायचं असे करार चाललेत. भाडं देणारे पुन्हा ते देणगीदार आणि पर्यटनवाले. @अनुस्वार, हो, माहीत आहे तुम्ही काय म्हणणार ते.

अनुस्वार

काही म्हणत नाही. भाडं मासाईच्या खात्यात जातंय तोवर माझी हरकत कमी आहे. रक्कम ठरवायला कोण बसतं, एवढं विचारून या पुढच्या वेळी.

गोदाकाठची

आणि पुढच्या वेळी त्या मुलींबरोबर चाला. वीस किलोमीटर झेपत असेल तर.

नैरोबीकर

@गोदाकाठची ताई, पहिल्याच दिवशी अकराव्या किलोमीटरला माझा गुडघा बोलायला लागला होता. रेंजरने एका बोम्यात नेऊन बसवलं. आजीबाईंनी दुधाचा चहा दिला, साखर इतकी की चमचा उभा राहावा. सोबत चपाती. हो, तिकडे चहाला चाय आणि चपातीला चपातीच म्हणतात, आपल्याकडच्या लोकांनी रेल्वेबरोबर नेलेले शब्द. फक्त त्यांची चपाती आपल्या पराठ्याच्या गोत्रातली.

चहाबाज

चहाचा उल्लेख आला, धागा पावन झाला.

बाकी ती गाय? मालकाला काही वाटलं का सापडल्याचं?

नैरोबीकर

मालकाने गायीच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि राखणाऱ्या पोराला दोन शिव्या हासडल्या. आभार वगैरे काही नाही, रेंजरलाही अपेक्षा नव्हती. कालच त्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, फोटोसकट. तीच गाय, तीच बाभळ. पुन्हा चुकली होती.